कुलूपच नव्हतं त्याचं काय?

'हॅकर सरकारी संगणक यंत्रणेत घुसला की उद्देश न बघता आयुष्यभर आत टाका' असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. गॅरी मॅकिनन हा ब्रिटिश हॅकर आठवतोय? २००१-०२ मध्ये लंडनच्या घरात बसून हा बाबा अमेरिकी लष्कर आणि नासाच्या ९७ संगणकांत शिरला. शोधत काय होता, तर उडत्या तबकड्यांचे पुरावे! शिरला कसा? बऱ्याच ठिकाणी पासवर्डच ठेवलेला नव्हता. अमेरिकेत त्याला ७० वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. शेवटी २०१२ मध्ये ब्रिटनने प्रकृतीच्या कारणावरून प्रत्यार्पण नाकारलं.

त्याने नुकसान केलं नाही असं नाही, फायली उडवल्याचा आरोप होताच. शिक्षा हवीच. पण लष्कराचे संगणक विनापासवर्ड ठेवणाऱ्यांचं काय?