नाक्यावर न सापडलेला ताप
निपाणीजवळ महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी कडक होती, म्हणून सुरुवातीला कोरोना फक्त बाहेरून आलेल्यांतच होता, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. चाचणीच मुळात बहुतेक प्रवास केलेल्यांची नि बाधितांच्या संपर्कातल्यांची व्हायची, मग दुसरं कोण सापडणार? आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) एप्रिल २०२० च्या सुरुवातीपर्यंत देशभरातल्या तीव्र श्वसनविकाराच्या ५,९११ रुग्णांचे नमुने तपासले. १०४ बाधित निघाले. त्यातल्या ४० जणांचा ना परदेश प्रवास, ना बाधिताशी माहीत असलेला संपर्क.

आमच्या निपाणीत शेजारच्या विड्या वळणाऱ्या मावशी त्याच उन्हाळ्यात आठवडाभर तापाने पडल्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "पुण्या-मुंबईहून कोण आलंय?" कोणीच नाही. मग काय, गोळ्या घेऊन घरी. मांडीवरचं विड्या वळायचं सूप बाजूला सारत मावशी म्हणाल्या, "तंबाखूचा वासच येईना बघ." तेव्हा आम्ही हसलो होतो.