बॉब स्टॉक्सडेलच्या वाडग्यांमध्ये एवढं काय आहे?

खटपट्या:
मंडळी, लेथवर लाकूड कातायला हल्लीच लागलोय, म्हणजे अजून भुसाच जास्त निघतो. जुन्या लोकांचं काम बघावं म्हणून शोधाशोध केली तर जिथे तिथे बॉब स्टॉक्सडेल हे नाव येतं. १९१३ चा जन्म, २००३ मध्ये गेला, अमेरिकेत बोल टर्निंगला, म्हणजे लेथवर वाडगी कातण्याला, कलेचा दर्जा मिळाला त्यात याचा मोठा वाटा वगैरे वगैरे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या त्याच्या कामाचे फोटो पाहिले. आता खरं सांगू का, मला तर साधी वाडगी दिसली. कोरीवकाम नाही, रंग नाही, भोकं नाहीत. छान आहेत, पण पायोनियर म्हणण्यासारखं काय ते कोणी समजावेल का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

तिरकी_रेघ:
साधी दिसतात हेच तर त्याचं काम आहे रे. फोटोत आकार बघू नकोस, रेघा बघ. अर्धा ओंडका घेतलास आणि वाडग्याचं तोंड सालीच्या बाजूला ठेवलंस, तर वाढीची वर्तुळं कापली जाऊन तळाशी एकात एक अशी अंडाकृती रिंगणं येतात. तोच तुकडा उलटा धरून तोंड गाभ्याच्या बाजूला केलंस, तर बऱ्याचदा लांबलचक रेघा नाहीतर दोन्हीकडे फाकत गेलेल्या कमानी मिळतात. लाकूड तेच, झाड तेच, आणि वाडगं बघशील तर दुसऱ्याच झाडाचं वाटेल. हे सगळं लेथ चालू करायच्या आधी, करवत लावतानाच ठरतं. स्टॉक्सडेलचं डोकं तिथे चालायचं, आणि बाहेरचं फिकट लाकूड काठावर नेमकं कुठे येणार हेसुद्धा योगायोगाने झालेलं वाटत नाही. मग अशा तुकड्यावर वर अजून नक्षी कशाला करेल माणूस?

अजून एक, त्याच्या वाडग्यांचा तळ उलटा करून बघितलेले फोटो शोध. सहीबरोबर लाकडाचं नाव आणि ते कुठून आलं तेही लिहिलेलं सापडतं. मला ही सवय फार आवडते, आपल्यातले किती जण लिहितात? सहा महिन्यांनी आपलं आपल्याला आठवत नाही ते शिसम होतं की काय होतं.

भुसाभुशीत:
तिरकी_रेघ यांच्याशी सहमत, पण पायोनियर म्हणताना जेम्स प्रेस्टिनीला विसरू नका, तोही वाडगी कातणारा. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याच्या पातळ वाडग्यांचं प्रदर्शन झालं होतं, तेव्हा स्टॉक्सडेल एवढा नावारूपालाही आला नव्हता. आणि एड मोल्थ्रोप घ्या, मूळचा आर्किटेक्ट, लाकडाचे एवढाले गोल वाडगे करायचा की बघणारा गार पडेल, ओलं लाकूड पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाच्या रसायनात मुरवायचा म्हणजे तडकत नाही. मला विचाराल तर नवीन काही केलं ते मोल्थ्रोपने. स्टॉक्सडेल हा उत्तम कारागीर, एवढंच.

तिरकी_रेघ:
"एवढंच" काय हो 😄 प्रेस्टिनी आधीचा, मान्य. पण तो नंतर शिल्पाकडे वळला. स्टॉक्सडेल वाडग्यावरच राहिला, घराच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं हेच करत, आणि यावर पोट भरलं. आकाराने मोठं म्हणजे पुढचं, हे मला पटत नाही. पातळ वाडगं शेवटच्या कापाला कसं थरथरतं ते गाऊज (लेथवर कातायचं पन्हाळीसारखं हत्यार) हातात धरलेल्याला माहितीये, किंचाळतं अक्षरशः, आणि नेमका तेव्हाच हात हलका ठेवायचा असतो.

सावलीतली:
मी लाकूडवाली नाही, विणकामवाली आहे, तरी मध्ये बोलते. स्टॉक्सडेलची बायको के सेकिमाची हिच्याबद्दल कोणी वाचलंय का? फायबर आर्टमध्ये, म्हणजे धाग्यांपासून केलेल्या कलेत, ती स्वतःच मोठं नाव आहे, त्यामुळे "अमक्याची बायको" म्हणणं जिवावर येतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं त्यात ती आणि तिचं कुटुंब होतं. आणि त्याच काळात स्टॉक्सडेलने युद्धात हत्यार उचलायला नकार दिला म्हणून तो अशा लोकांसाठीच्या सरकारी कॅम्पात होता, तिथेच तो वाडगी कातायला लागला. दोघंही त्या युद्धात कॅम्पात, कारणं पार वेगळी, आणि १९७२ मध्ये लग्न.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिने त्याचे वाडगे साचा म्हणून वापरलेत. त्यावर लिननचा (जवसाच्या झाडाचा) धागा आणि कागद चढवून हलकी, आरपार उजेड जाईल अशी वाडगी केली. म्हणजे खटपट्या, तुम्हाला "साधा" वाटतो तो आकार घेऊन एका मोठ्या कलाकाराला त्यावर आपलं काम उभं करावंसं वाटलं. वेडावाकडा किंवा नक्षीदार वाडगा असता तर कागद सुटून आलाच नसता.

भुसाभुशीत:
हे माहीत नव्हतं. बरं बाबा, "एवढंच" मागे घेतो. मोल्थ्रोप मात्र सोडणार नाही.

खटपट्या:
बापरे, मस्त माहिती, सगळ्यांना धन्यवाद. परत जाऊन फोटो बघितले, रिंगणंवाले आणि कमानीवाले वेगळे ओळखता आले, आधी हे दिसतच नव्हतं. आता माझ्याकडे एक ओला ओंडका पडलाय, त्यावर करून बघायचंय. साल वर ठेवू की खाली? आणि गाभ्याचं काय करायचं?

तिरकी_रेघ:
गाभा आधी कापून टाक, तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. अर्धा ओंडका मिळेल त्यातून दोन करता आले तर एक साल वर आणि एक खाली असं कर, शेजारी ठेवून बघता येईल. एकदम पातळ करू नकोस, आधी व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढी जाडी ठेवून ढोबळ कात, काठाला मेण लाव आणि सुकू दे. सुकताना लांबट होणारच, म्हणून तर जाडी ठेवायची. मग परत लेथवर चढव. आणि मास्क लाव रे बाबा.

भुसाभुशीत:
आणि तळाला लाकडाचं नाव लिही.