रायझिंग सन्स: ही तर भेसळ!

तबकडीवाला
गायक ताज महाल आणि गिटारवादक राय कूडर ही नावं ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) ऐकणाऱ्याला सांगायला नकोत. पण १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये हे दोघे एकाच बँडमध्ये वाजवत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बँड रायझिंग सन्स. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने करार केला, बर्ड्स या रॉक बँडचा निर्माता टेरी मेल्चर दिला, १९६६मध्ये एक सिंगल (दोन गाण्यांची छोटी तबकडी) काढली. ती आपटली आणि बाकीचं रेकॉर्डिंग कपाटात गेलं. बाहेर आलं थेट १९९२मध्ये, २२ गाण्यांची सीडी म्हणून. इथवर आनंदच आहे. पण तीन गाण्यांवर नुसतीच वाद्यं होती, तर त्यावर ताज महालकडून १९९२मध्ये नव्याने गाऊन घेतलं! पोरांच्या साथीवर पन्नाशीतला गळा. मला ही भेसळ वाटते. होतं तसं द्यायचं.

खर्ज
साफ असहमत. गायक तोच, बँड त्याचाच. ज्याचं अर्धवट राहिलं होतं त्यानेच ते पुरं केलं. परक्याने हात घातला असता तर तुमच्या बाजूने भांडलो असतो.

तबकडीवाला
गायक तोच, गळा तो नाही. १९६८च्या पहिल्या एलपीवरचं 'स्टेट्सबोरो ब्लूज' ऐका, मग ही तीन ऐका. जुना मैफलीचा टेप सापडला, त्यात नुसता तबला-तंबोरा आहे, म्हणून बुवांना वीस-पंचवीस वर्षांनी परत माईकसमोर बसवाल?

नदीकाठी
बुवा तयार असतील तर का नाही? मी कूडरकडे आलो तो विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेमुळे (गिटारवरूनच घडवलेलं वाद्य), दोघांच्या १९९३च्या त्या ग्रॅमीवाल्या अल्बममधून. आमच्यासारख्यांना अठरा-एकोणीस वर्षांच्या कूडरची गिटारच्या तारेवर सरकणारी ती बाटलीची मान (बॉटलनेक स्लाइड) ऐकायची असते. ती त्या साथीतच आहे. गाणं चढवलं म्हणून पुसली गेली नाही.

उलटतपासणी
मुळात कंपनीला खलनायक का ठरवता? सीडी सलग ऐका, दोन बँड ऐकू येतात. बँडमधल्याच जेसी ली किनकेडची गाणी बीटल्सच्या वळणाची, ताजची थेट मिसिसिपी डेल्टातल्या जुन्या ब्लूजची. त्यात गोरे-काळे एकत्र, आणि साल १९६५. विकायचं काय आणि कोणाला, हेच कोलंबियाला कळलं नसणार. मीही तेव्हा कपाटातच ठेवलं असतं.

खर्ज
हे अतीच झालं! ती सरमिसळ हाच तर बँडचा जीव. मला भेसळीपेक्षा सीडीचं नाव खुपतं: 'रायझिंग सन्स फीचरिंग ताज महाल अँड राय कूडर'. बँडमधले बाकीचे, किनकेड, गॅरी मार्कर, केविन केली गेले कुठे? केली तर पुढे बर्ड्सचा ड्रमर झाला.

तबकडीवाला
त्या दोन नावांशिवाय १९९२मध्ये तो टेप कोणी उघडलाच नसता.