सभेनंतरच्या अर्ध्या बाटल्या

रविवार

सचिव: काल सोसायटीच्या सभेला आलेल्या सगळ्यांचे आभार. इतिवृत्त दोन दिवसांत टाकतो. हॉलमध्ये एक छत्री आणि एक चष्मा राहिलाय. ज्याचा असेल त्याने ऑफिसातून न्यावा.

ब-२०४ काकू: छत्रीचं सोडा. हॉलमध्ये १२७ बाटल्या राहिल्यात त्यांचं काय? मी आणि सफाईवाल्या ताई तासभर खुर्च्यांखालून वेचत होतो. त्यातल्या ३८ रिकाम्या. बाकीच्या अर्ध्या, नाहीतर दोन घोट घेऊन ठेवलेल्या. नऊ महाभागांनी नुसतं सील तोडलंय.

ब-२०४ काकू: उरलेलं पाणी ओतलं तर अडीच बादल्या भरल्या. झाडांना घातलं.

अ-५०२: काकू, तुम्ही मोजल्यात पण!

ब-२०४ काकू: मोजून सांगितल्याशिवाय या ग्रुपवर कुणी ऐकतं का?

क-३०१: पुढच्या सभेपासून बाटल्या बंद. सचिव, ठराव घ्या.

अ-१०३ काका: ठराव करायला काय जातंय. मग प्यायचं काय, टाकीतलं? मागे आठवडाभर नळाला पिवळं पाणी येत होतं ते विसरलात वाटतं. माझं पोट नाजूक आहे, मी सीलबंदच पिणार.

क-३०१: काका, सीलबंद म्हणजे शुद्ध हे कुणी सांगितलं? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने ९ देशांतून आणलेल्या २५९ बाटल्या तपासल्या. ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे बारीक कण निघाले. त्यात सगळ्यात जास्त पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे ज्याची झाकणं करतात ते. आपण झाकण पिळतो ना, तेव्हाच घासून थोडं पाण्यात पडत असणार.

अ-१०३ काका: कण कशात नसतात? हवेत आहेत, नळाच्या पाण्यातही असतील.

ब-४०१ काका: मुद्दा बरोबर आहे. आणि पुढचंही सांगतो, म्हणजे एकच बाजू नको. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी लेझरची नवी पद्धत वापरून त्याहून कितीतरी बारीक कण मोजले. बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार. पण गंमत अशी की त्यात बाटलीच्या प्लास्टिकपेक्षा नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक जास्त होतं, आणि ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरांतूनच येत असावं. याने शरीराला नेमकं काय होतं हे अजून ठरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटलं होतं की सध्याच्या प्रमाणात धोका दिसत नाही, पण पुरावा तोकडा आहे. तेव्हा कणांवरून भांडू नका. पाण्याने माणूस आजारी पडतो तो मुख्यतः जंतूंमुळे. भांडायचंच तर टाकीवरून भांडा.

ड-१०२: बाटल्या रिसायकल होतात ना पण? आपण सुका कचरा वेगळाच देतो.

अ-५०२: हो, तेच म्हणणार होते.

ड-४०३: मी प्लास्टिकच्या धंद्यात आहे, म्हणून बोलतो. अर्धी भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली ही भंगारवाल्याची डोकेदुखी. दाबली जात नाही आणि उगाच वजन धरते. पुढे कारखान्यात बाटलीचा चुरा करून पाण्यात टाकतात. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट (PET), बुडतं, झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, वरचं काढून घेतात. इतकं सोपं काम आहे. पण त्या पेटची परत बाटली होणं कमी, धागाच जास्त होतो. त्याचे कपडे, गालिचे. तो कपडा फाटला की पुढे काही होत नाही, थेट कचऱ्यात.

ड-४०३: आणि २०१७ मध्ये एक मोठा हिशेब आला होता. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला त्यातला ९ टक्के रिसायकल झाला होता. १२ टक्के जाळला. उरलेला जमिनीवर, खड्ड्यात, पाण्यात. म्हणून 'वेगळा दिला' म्हणून हात झटकू नका, पण देणं बंदही करू नका. निदान पाणी ओतून, बाटली चुरगाळून द्या.

अ-१०३ काका: सगळं पटलं. पण माझा प्रश्न तिथेच आहे. प्यायचं काय?

ब-३०१: वीस लिटरचे जार आणू या हॉलमध्ये. बाटल्या वाचतील.

अ-५०२: जार धुऊन परत भरतात, तेवढा फायदा आहे. पण आमच्या ऑफिसातल्या डिस्पेन्सरचं वरचं भांडं एकदा उघडलं होतं. बोट फिरवलं तर बुळबुळीत. वर्षभर कुणी धुतलंच नव्हतं! त्या दिवसापासून मी घरून बाटली नेते.

क-५०४: मग मोठा आरओ बसवा सोसायटीचा, विषय संपला. आमच्याकडे एक जण डेमो देऊन गेला. नळाच्या पाण्यात दोन सळया घातल्या, करंट दिला. दोन मिनिटांत पाणी तपकिरी, वर फेस! आरओचं पाणी तसंच स्वच्छ राहिलं. डोळ्यांनी पाहिलंय.

ब-४०१ काका: अहो, तो घोळ सळईचा आहे, पाण्याचा नव्हे. लोखंडी सळईतून करंट गेला की सळईच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट वाहतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, मग करंट वाहणार कसा? त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून परत करायला सांगायचं होतं त्याला.

क-५०४: म्हणजे फसवलं?

ब-४०१ काका: तुम्ही घेतला का मशीन?

क-५०४: तो विषय वेगळा आहे.

अ-५०२: काका, तुम्ही पाण्याच्या लॅबमध्ये होतात ना? एकदा नीट लिहा की. टीडीएस किती हवा, यूव्ही घ्यायचं की काय, आम्हाला काही कळत नाही.

ब-४०१ काका: लिहितो. लांबेल.

टीडीएस मीटर पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, तोही वीज किती वाहते त्यावरून. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस १५० येऊ शकतो आणि चांगल्या खोल विहिरीचा ७००. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला साधारण ६०० मिलिग्रॅमपर्यंत पाण्याची चव चांगली लागते, १००० च्या वर गेलं की नकोसं वाटतं. हा चवीचा हिशेब आहे.

आरओ लागतो तो क्षार खरंच जास्त असतील, किंवा फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट असं काही निघालं असेल तर. घरगुती साधा आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर सांडपाण्यात सोडतो. गोड्या पाण्यावर आरओ लावणं म्हणजे पाणी वाया घालवायचं मशीन घेणं.

यूव्हीचा दिवा जंतू मारतो, पण पाणी गढूळ असेल तर प्रकाश पोचत नाही. आणि दिव्याखालून पुढे गेलेल्या पाण्याला संरक्षण उरत नाही. घाणेरड्या भांड्यात घेतलं की पुन्हा तेच. क्लोरीनचा फायदा इथे आहे, तो पाण्याबरोबर नळापर्यंत येतो. वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण नळाला हलका वास आला की मला बरं वाटतं. कार्बन फिल्टर तो वास घालवतो. मात्र कार्बन वेळेवर बदलला नाही तर त्याच्यावरच जंतू वस्तीला येतात.

उकळणं अजूनही उत्तम. खळखळ उकळी येऊन एक मिनिट पुरे, उंच डोंगरावर तीन. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. कणांची काळजी करणाऱ्यांसाठी: २०२४ मध्ये चीनच्या संशोधकांना दिसलं की जड, म्हणजे चुन्याचे क्षार जास्त असलेलं, पाणी उकळलं की भांड्याला जो पांढरा थर बसतो त्यात प्लास्टिकचे बारीक कण अडकतात, काही वेळा ९० टक्क्यांपर्यंत. मऊ पाण्यात एवढा फायदा नाही, साधारण पाव हिस्सा.

पण हे सगळं नंतरचं. आपल्या पाण्यात काय आहे हे आपल्यापैकी एकालाही ठाऊक नाही. आधी तपासून घ्या, मग काय घ्यायचं ते बोला.

सचिव: काका, तपासणीचं मार्गी लावू. कुठून नमुने घ्यायचे?

ड-१०२: माझी मुलगी विचारतेय, मध्ये बोलू का?

ब-२०४ काकू: बोल गं.

ड-१०२: तिने लिहिलेलं टाकते: "व्हरमाँट विद्यापीठाने २०१३ पासून कॅम्पसवर पाण्याच्या बाटल्या विकणं बंद केलं. नंतर अभ्यास झाला तर कॅम्पसवर येणाऱ्या एकूण बाटल्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या होत्या. पोरं पाण्याऐवजी गोड पेयं घ्यायला लागली. म्हणून नुसती बंदी नको."

अ-१०३ काका: पोरगी हुशार आहे. हेच तर मी सकाळपासून सांगतोय.

ब-२०४ काकू: काका, तुम्ही सकाळपासून फक्त पोट नाजूक आहे एवढंच सांगताय.

ब-३०१: एक विचारू? गेटवरचे दादा लोक कुठलं पाणी पितात?

(बराच वेळ कुणीच काही लिहीत नाही.)

ब-३०१: मी आत्ता विचारून आलो. बागेच्या कडेचा नळ. सभेतल्या बाटल्या धुऊन त्याच भरून ठेवतात. एका बाटलीचं तर लेबलही उरलेलं नाही, पार पांढुरकी झालीय. बारा तासांची ड्युटी आहे त्यांची.

ब-२०४ काकू: मी त्याच नळाच्या शेजारी उभं राहून झाडांना 'शुद्ध' पाणी घालत होते सकाळी.

सचिव: चार ठिकाणचे नमुने घेऊ. बाहेरून येणारी लाइन, खालची टाकी, वरच्या टाक्या आणि गेटचा नळ.

मंगळवार

ब-४०१ काका: नमुने दिले. लॅबच्याच निर्जंतुक बाटल्या होत्या. आत क्लोरीन मारणारं औषध असतं, म्हणून त्या विसळायच्या नाहीत. क-५०४ विसळायला निघाले होते, थोडक्यात वाचलं. नळाचं तोंड पुसून, तापवून, दोन मिनिटं पाणी वाहू देऊन मग भरल्या, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दुपारी पोचवल्या.

सोमवार

सचिव: रिपोर्ट आलाय. टीडीएस सगळीकडे २८० च्या आसपास. जड धातू, नायट्रेट मर्यादेत. बाहेरच्या लाइनला मोकळा क्लोरीन लिटरला ०.३ मिलिग्रॅम, खालच्या टाकीत ०.२. अ, क, ड विंगच्या वरच्या टाक्या ठीक. ब विंगच्या टाकीत क्लोरीन शून्य आणि ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, सापडलाय. १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. गेटच्या नळातही तेच.

ब-३०१: गेटचा नळ ब च्याच टाकीवर आहे.

ब-४०१ काका: गच्चीवर जाऊन आलो. झाकणाची बिजागरी तुटलीय. वर फळी ठेवून विटेचं वजन दिलंय. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. आत पाण्यावर कबुतराची दोन पिसं तरंगत होती. फोटो टाकत नाही, जेवणाची वेळ आहे.

ब-२०४ काकू: आम्ही ब विंगवाले! मी उकळून पिते म्हणून बरी आहे.

सचिव: ब ने आज पिण्याचं पाणी उकळूनच घ्यावं. गेटवर आत्तापुरतं अ च्या टाकीचं पाणी पोचवतोय. उद्या ब ची टाकी घासून क्लोरीनने धुतली जाईल, नवं झाकण आणि जाळी बसेल. सकाळी १० ते संध्याकाळी ६ ब ला पाणी नाही.

क-३०१: म्हणजे आरओ नकोच?

ब-४०१ काका: २८० ला कशाला? टाकी नीट झाली की परत तपासू. गेटवर आणि हॉलमध्ये साधा गाळाचा फिल्टर, कार्बन, अल्ट्राफिल्ट्रेशन आणि यूव्ही असं एकेक बसवा. अल्ट्राफिल्ट्रेशनची छिद्रं इतकी बारीक असतात की लाइट गेली तरी जंतू अडतात. पहिला गेटवर.

ब-३०१: पहिला गेटवर. +१

ड-४०३: +१. कार्ट्रिज बदलायची तारीख मशीनवरच मार्करने लिहा, नाहीतर त्या डिस्पेन्सरसारखं होईल.

क-५०४: हॉलसाठी स्टीलचे पेले घेऊ. पण धुणार कोण?

ब-२०४ काकू: जो पिईल तो. सिंकपाशी मी उभी राहणार आहे.

अ-१०३ काका: मी माझी बाटली आणीन.

ब-२०४ काकू: काका!

अ-१०३ काका: स्टीलची आहे हो. मुलाने दिलेली, दोन वर्षं कपाटात होती.

सचिव: आणि छत्री अजून ऑफिसातच आहे.