प्रतिसाद: शाळेच्या वाचनालयासाठी निधी

बेळगावातल्या मराठी शाळेच्या वाचनालयासाठी आधी नवा ट्रस्ट काढा, मग कंपन्यांकडे सीएसआर (कायद्यानुसार कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) मागा, हा सल्ला उलटा पडेल. कंपनीचे पैसे बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च व्हायचे तर त्या संस्थेला साधारणपणे आयकर सवलतीची १२ए, ८०जी आणि सीएसआरची कामं घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते, वर तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव. नव्या ट्रस्टकडे तो कुठून येणार? त्यापेक्षा रोख मागूच नका. पुस्तकं आणि कपाटं मागा, बिल कंपनीनं थेट प्रकाशकाला द्यावं. कंपनी स्वतःच काम करते तेव्हा सीएसआर-१ लागत नाही. एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), वर्गवार पटसंख्या आणि किमतींसह पुस्तकांची यादी एवढं जोडा. यादीत ‘मराठी’ ठळक लिहा. नाहीतर शाळा कर्नाटकातली म्हणून कन्नड गठ्ठे येतील, आणि चूक कंपनीची नसेल!

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली प्रत्येक फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) सीएसआरच्या नियमात बसत नाही. आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, यांपैकी एक तरी हवं. पत्र डिसेंबरात द्या. मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत छोटी खरेदी पटकन मंजूर होते.