व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतले पौंड नेमके कसे वाचायचे?

पानखूण:
व्हिक्टोरियन कादंबऱ्या वाचताना पैशांपाशी आलं की अडखळायला होतं. एक मुलगी ‘वीस हजारांची’ असते, दुसरीला ‘वर्षाला सातशे’ असतात. यातली श्रीमंत कोण? शिवाय एका कादंबरीत नवरा बायकोचा सगळा पैसा उडवतो, दुसरीत त्याला त्या पैशाला हातही लावता येत नाही. देश तोच, काळ तोच, मग असं कसं? आणि मुलीच्या या पैशाला मराठीत ‘हुंडा’ म्हणावं का?

जमाखर्च:
आधी आकडा मुद्दलाचा आहे की उत्पन्नाचा ते बघा. ‘वर्षाला’ म्हटलं असेल तर उत्पन्न, नुसती रक्कम असेल तर बहुधा मुद्दल. एकावरून दुसरं काढायला 3 टक्के धरा. घरंदाज लोकांचा जपून ठेवायचा पैसा बहुतेक ‘कन्सोल्स’मध्ये असे. हे मुदत नसलेले सरकारी कर्जरोखे, दर्शनी 100 पौंडांवर वर्षाला 3 पौंड देणारे. 1888 साली गोशेन या अर्थमंत्र्यानं दर पावणेतीनवर आणला, पण त्याआधीच्या कथानकांना 3 बरोबर लागू पडतो. म्हणजे वीस हजारांच्या मुलीला वर्षाला 600. सातशेवाली तिच्यापेक्षा थोडी वरचढच.

हे गणित केलं नाही तर काही प्रसंगांचं वजनच कळत नाही. ‘जेन एअर’मध्ये (1847) जेनला थॉर्नफील्ड या वाड्यावर शिकवण्याचे वर्षाला 30 पौंड मिळतात. पुढे काकांकडून 20,000 येतात आणि ती त्याचे चार सारखे वाटे करते. स्वतःकडे उरतात 5,000, म्हणजे वर्षाला 150. सहाशेवरून ती राजीखुशीनं दीडशेवर येते, आणि तरीही हे दीडशे तिच्या जुन्या पगाराच्या पाचपट आहेत.

उत्पन्नावरून राहणीमान ताडायला मिसेस बीटनच्या 1861 च्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकातला नोकरांचा तक्ता फार उपयोगी पडतो. वर्षाला 1,000 असतील तर पाच माणसं, त्यात एक पुरुष नोकर. 500 ला स्वयंपाकीण, मोलकरीण आणि मुलांसाठी दाई. 300 ला सगळ्या कामांना मिळून एक बाई आणि एक दाई. दीडशे-दोनशेला एकटी मोलकरीण. ‘तीनशेत संसार कसा होणार’ असं एखादी आई म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरात शिरलेली मुलगी असते.

कलमदान:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तेव्हा इंग्लंडात न्यायाच्या दोन वाटा होत्या. कॉमन लॉप्रमाणे, म्हणजे रूढी आणि जुन्या निवाड्यांतून घडलेल्या कायद्याप्रमाणे, लग्न लागताच बायकोची रोकड आणि दागदागिने नवऱ्याचे होत. तिच्या जमिनीचं भाडं तो घेई, पण तिच्या संमतीशिवाय ती जमीन त्याला कायमची विकता येत नसे. न्यायबुद्धीनं निवाडा करणारं चॅन्सरी न्यायालय मात्र बायकोची ‘वेगळी मिळकत’ मानत असे. त्यासाठी लग्नाआधी करारनामा करून पैसा विश्वस्तांच्या नावे ठेवावा लागे. व्याज तिला, मुद्दल पुढे मुलांना. म्हणून कादंबरीत वडील आणि वकील करारनाम्यासाठी अडून बसले, की तो कोरडा तपशील समजून पानं उलटू नका. पळून जाऊन केलेल्या लग्नात हा कागदच नसतो, आणि पैशाच्या मागे लागलेल्या तरुणाला नेमकं तेच हवं असतं.

‘हुंडा’ हा शब्द मी टाळेन. मुलीकडून रक्कम येई हे खरं, पण मोठ्या घरांत त्याच कागदात नवऱ्याच्या बाजूनंही बांधून घेतलं जाई. विधवा झाल्यावर तिला वर्षासन (याला ‘जॉइंचर’ म्हणत), हातखर्चाला ठरावीक पैसे, धाकट्या मुलांचे वाटे. हुंडा म्हटलं की ही दुसरी बाजू पुसली जाते. ‘मुलीची मालमत्ता’ किंवा ‘मुलीचा वाटा’ म्हणणं बरं.

पानखूण:
आता बरंच उलगडलं. पण जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ 1871–72 मध्ये आली. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा 1870 चा. मग तिच्या नायिकेला, डोरोथियाला, तो लागू धरायचा ना?

कलमदान:
नाही, आणि ही चूक फार जण करतात. प्रकाशनाचं साल न बघता कथानकाचं साल बघायचं. ‘मिडलमार्च’ घडते 1829 ते 1832 च्या सुमारास, म्हणजे जुनाच कायदा. शिवाय 1870 च्या कायद्यानं दिलं थोडकंच: मुख्यतः बायकोची स्वतःची कमाई आणि 200 पौंडांपर्यंतचा रोख वारसा. खरा बदल 1882 च्या कायद्यानं झाला, तो 1 जानेवारी 1883 पासून अमलात आला.

डोरोथियाचे वर्षाचे सातशे तिच्या आईवडिलांकडचे आहेत. तिचा नवरा कॅसोबन मृत्युपत्राला पुरवणी जोडून, आपल्यामागे तिनं त्याचा तरुण नातेवाईक लॅडिस्लॉ याच्याशी लग्न केल्यास स्वतःची मालमत्ता तिच्याकडून काढून घेतो, पण त्या सातशेंना त्याचा हात पोचत नाही. लॅडिस्लॉशी लग्न करण्याचा शेवटचा निर्णय ती घेऊ शकते तो या सातशेंच्या आधारावर.

जमाखर्च:
जाता जाता, पैसा बुडण्याच्या दोन वाटा ओळखून ठेवा. एक, बँकेचे शेअर. जुन्या जॉइंट-स्टॉक (भागधारकांच्या भांडवलावर चालणाऱ्या) बँकांत भागधारकाची जबाबदारी अमर्याद असे. बँक बुडाली की शेअर तर जातच, वर देणी भरावी लागत. 1878 मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा दर 100 पौंडांच्या भागामागे 2,750 पौंड मागितले गेले. एलिझाबेथ गास्केलच्या ‘क्रॅनफर्ड’ कादंबरीतल्या मिस मॅटीचे वर्षाचे जवळजवळ दीडशे पौंड बँकेबरोबर जातात आणि हाती तेरा उरतात, ते वाचताना हा धोका ध्यानात असू द्या.

दुसरी वाट दुसऱ्याच्या हुंडीवर (मुदतीनं पैसे देण्याच्या लेखी वचनावर) जामीन म्हणून सही करणं. सही करणाऱ्याच्या हाती त्या क्षणी काहीच जात नाही, म्हणून भला माणूस सहज करून बसतो. मुदत भरली आणि मूळ ऋणको हात वर करून मोकळा झाला, की सगळी रक्कम सही करणाऱ्यावर येते. ‘मिडलमार्च’मध्ये फ्रेड या कर्जात अडकलेल्या तरुणाच्या 160 पौंडांच्या हुंडीवर केलेब गार्थची सही असते. फ्रेड 50 आणतो. उरलेल्या 110 मधले 92 मिसेस गार्थनं मुलाला धंदा शिकायला पाठवण्यासाठी साठवलेले असतात, आणि 18 गार्थांची मुलगी मेरी हिच्या पगारातून शिल्लक टाकलेले.