लहान मुलांना ‘तुम्ही जन्मतःच पापी आहात’ असे शिकवावे का?

प्रश्न: शब्बाथशाळा शिक्षिका, नगर

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. तारणाचा धडा आम्ही अक्षर नसलेल्या, रंगीत पानांच्या पुस्तिकेवरून घेतो. काळे पान म्हणजे पापाने भरलेले मन, लाल म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पांढरे म्हणजे शुद्ध झालेले मन. काळे पान उघडलेले असताना एका मुलीने विचारले, “बाई, आमचा बाळ अजून पाळण्यातच आहे, त्याचंही मन असंच आहे का?” सोबतच्या ज्येष्ठ बाईंनी स्तोत्र ५१ मधले, ‘मी जन्मतःच पापी आहे’ अशा अर्थाचे वचन सांगून ‘हो’ म्हटले आणि धडा पुढे गेला.

मनुष्य पाप करतो याविषयी मला शंका नाही. ते समजायला वर्तमानपत्र पुरेसे आहे. मात्र देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात असताना आपली शिकवण तिसऱ्या अध्यायापासून, म्हणजे आदामाच्या पापापासून, का सुरू होते, आणि पाळण्यातले मूलही दोषी आहे हे पवित्र शास्त्राचे म्हणणे आहे की एखाद्या परंपरेचे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: जुन्या पोथ्यांचा वाचक

ताई, स्तोत्र ५१ ही एका प्रौढ माणसाची, स्वतःच्या अपराधाने व्याकूळ होऊन केलेली प्रार्थना आहे. सर्व तान्ह्या मुलांविषयीचा तो निवाडा आहे असे ज्यू धर्मपंडितांनी सहसा मानलेले नाही, आणि ते स्तोत्र तर त्यांच्याच परंपरेतले. शिवाय यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात मुलाने बापाच्या अन्यायाचा भार वाहायचा नाही असे स्वच्छ म्हटले आहे.

आदामाचा दोष जन्मानेच प्रत्येकाला लागतो, ही मांडणी ठळकपणे केली ती उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. दुसरे बाळ दूध पिताना पाहून मत्सराने पांढरे पडलेले, अजून बोलताही न येणारे एक मूल आपण पाहिले होते, असे ते लिहितात. ज्याने घरात दुसरे बाळ आलेले पाहिले आहे त्याला हे निरीक्षण खोटे म्हणता येणार नाही. पण त्यावरून ते मूल दंडास पात्र ठरते हा निष्कर्ष वेगळाच. आदामाचा दोष जन्माने येत नाही असे मानणाऱ्या पेलॅगियस यांच्याशी झालेल्या वादानंतर ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेने ऑगस्टीन यांची बाजू उचलून धरली आणि पश्चिमेकडील मंडळ्यांत तीच रुजली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र आदामापासून मृत्यू आणि पापाकडे ओढा आपल्याकडे आला असे मानतात, त्याचा वैयक्तिक दोष आला असे मानत नाहीत.

रोमन कॅथलिकांकडेही हा विचार जागचा हललेला आहे. बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांसाठी मध्ययुगीन पंडितांनी ‘लिंबो’ नावाची एक मधली जागा कल्पिली होती. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत असे म्हटले. आपल्या पुस्तिकेचे म्हणाल, तर काळ्या, लाल आणि पांढऱ्या पानांची कल्पना लंडनचे प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ मध्ये मांडली. काळ्या रंगालाच पाप म्हणून सावळ्या मुलांसमोर धरण्याबद्दल मला बरेच बोलायचे आहे, पण तो विषय वेगळा.

उत्तर २: निवृत्त पाळक

वरील उत्तरातील इतिहास बरोबर आहे, परंतु या शिकवणीने आपल्या लोकांना काय दिले हेही पाहिले पाहिजे. ‘सर्वांनी पाप केले आहे’ हे वाक्य अमेरिकन मराठी मिशनने नगर जिल्ह्यात आणले, तेव्हा ऐकणाऱ्यांत महार आणि मांग मोठ्या संख्येने होते. जन्मामुळे आणि मागल्या जन्मीच्या कर्मामुळे आपण हीन आहोत असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यांनी प्रथमच ऐकले की पाटील, कुलकर्णी, गोरा साहेब आणि आपण देवापुढे एकाच रांगेत उभे आहोत. ही समता लहान नव्हती. धर्मसुधारक कॅल्विन यांचे अनुयायी ‘संपूर्ण भ्रष्टता’ म्हणतात, त्याचाही अर्थ मनुष्य कवडीमोल आहे असा नाही. बुद्धी, इच्छा, भावना यांपैकी कोणताही भाग पापापासून अलिप्त राहिलेला नाही, एवढाच आहे. पापच पुसून टाकले तर वधस्तंभाला काय अर्थ उरतो, हे नव्याने विचार करणाऱ्यांनी सांगावे.

उत्तर ३: केडगावची लेक

पाळकसाहेब, रांग एकच होती हे मान्य, पण त्या रांगेत मान खाली घालायला सगळ्यांना सारखे शिकवावे लागते का? ज्याची मान ताठ आहे त्याला ‘तू पापी आहेस’ हे औषध आहे. ज्याची मान आधीच मोडली आहे त्याच्यासाठी तो आणखी एक घाव असतो. अमेरिकन विदुषी व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये हेच स्त्रियांच्या बाजूने मांडले: गर्व हे पापाचे मूळ आहे असे पुरुष ईशज्ञानी सांगत आले, पण अनेक स्त्रियांची अडचण गर्वाची नसून स्वतःला पुरते पुसून टाकण्याची आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्येच लिहिले होते की पतीच्या मृत्यूचा दोष बालविधवेच्या पूर्वजन्मीच्या पापावर ठेवला जातो. त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये अशा विधवा होत्या, दुष्काळातून आणलेल्या मुलीही होत्या, आणि १९०५ च्या संजीवनात, म्हणजे आत्मिक जागृतीच्या लाटेत, तिथल्या मुली आपल्या पापांसाठी मोठ्याने रडल्या. त्यांच्या खांद्यावरचे जुने ओझे उतरले की नवे चढले, याचे एकच उत्तर देणे मला अप्रामाणिक वाटते. त्या रडल्या, तशा गायल्याही, आणि गावोगाव सुवार्ता सांगायला बाहेरही पडल्या. मला वाटते, त्यांना उभे केले ते आपण कुणाला तरी हव्या आहोत या अनुभवाने. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही मुलगा ‘मी योग्य नाही’ हे पाठ केलेले वाक्य म्हणतो खरे, पण बाप त्याआधीच धावत येऊन त्याच्या गळ्यात पडलेला असतो.

उत्तर ४: जुन्या पोथ्यांचा वाचक

पाळकसाहेबांच्या मिशनबद्दल एक भर घालतो. नगरला मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाला ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा मुख्य आधार होता, त्यांपैकीच हार्टफर्डच्या एका मंडळीचे पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये एका पुस्तकात असे मांडले की ख्रिस्ती घरातील मूल आपण ख्रिस्ती नव्हतो असे कधी जाणवू न देता वाढावे. आधी त्याला पापी ठरवून मग त्याच्या पालटाची वाट पाहू नये. त्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकाशक संस्थेने पुस्तक विक्रीतून काढून घेतले. म्हणजे हा पुनर्विचार आजच्या सैल काळाची देणगी नाही; ज्या घरातून आपल्याला शिकवण मिळाली, त्या घरातच तो सुरू झाला होता.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. पुढच्या वर्गात मी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून आणि देवाने आपल्याला आईच्या उदरात घडवले असे सांगणाऱ्या स्तोत्र १३९ पासून सुरुवात करणार आहे. पाप त्यानंतर येईल, आणि तेही मुलांना ओळखता येईल अशा रूपात: खोटे बोलणे, दुबळ्याला चिडवणे, डबा लपवणे. एवढेच विचारते, की बालकात दोष नसेल तर आपण बालबाप्तिस्मा कशासाठी देतो?

उत्तर ५: निवृत्त पाळक

ताई, ऑर्थोडॉक्स मंडळ्याही बालकांना बाप्तिस्मा देतात, आणि तो मुख्यतः ख्रिस्ताच्या शरीरात सामील होण्यासाठी, त्याच्या मरणात आणि पुनरुत्थानात वाटा मिळण्यासाठी. आपल्याकडच्या विधीतही मंडळी त्या मुलाचा सांभाळ करण्याचे वचन देते. पापाविषयी माझे मत मी बदललेले नाही. परंतु धड्याचा तुमचा क्रम मला मान्य आहे.